दानिचाबाईंचा गांधार

सिंगापूरमध्ये पियानो बिघडण्यासाठी तो कुणी वाजवावा लागत नाही. बारा महिने दमट हवा, त्यात घरोघरी एसी कधी चालू तर कधी बंद. लाकूड फुगतं, आकसतं, आणि तारा सुरातून सरकतात. या हवेने मला बावीस वर्षं पोटाला दिलं. मी पियानो ट्यूनर होतो. एका पियानोत दोनशेच्या वर तारा असतात आणि प्रत्येक तार एका खुंटीला गुंडाळलेली असते. ती खुंटी किल्लीने केसभर फिरवायची, ऐकायचं, पुन्हा केसभर फिरवायची. दीड-दोन तास हेच. हौसेने बघायला बसलेला माणूस दहाव्या मिनिटाला उठून जातो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका चिनी आजींच्या घरी पियानो कुणीच वाजवत नसे. तरी दर सहा महिन्यांनी त्या मला बोलवायच्या, समोर खुर्ची टाकून सगळं काम ऐकायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "आज छान वाजवलंत." चोआ चू कांगला आमच्याच इमारतीत एका गृहस्थांची तक्रार होती की त्यांच्या पियानोचा मधला एक सूर खोकतो. उघडून पाहिलं तर आत पालीने संसार मांडला होता. अंडी हलवू नका, असं त्यांच्या बायकोने मला बजावलं. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो सूर खोकतच राहिला.

मुंबईत ज्या म्हाताऱ्या गोवेकर ट्यूनरच्या हाताखाली मी शिकलो, त्यांनी मला एक नियम घालून दिला होता. गिऱ्हाइकाच्या पियानोबद्दल वाटेल ते बोल, त्याच्या कानाबद्दल बोलू नकोस. कान हा माणसाचा स्वाभिमान असतो, ते म्हणायचे. हा नियम मी आयुष्यात एकदा मोडला, आणि तोही उशिरा. ती हकीकत दानिचाबाईंची आहे.

दानिचा या नावातला 'च' चमच्यातला, चहातला नव्हे. बाई सर्बियाच्या. त्यांच्या भाषेत आपल्यासारखेच दोन्ही 'च' आहेत. सिंगापूरमध्ये सगळे स्पेलिंग वाचून त्यांना 'दानिका' म्हणायचे आणि त्या सोडून द्यायच्या. मी पहिल्याच भेटीत नाव नीट उच्चारलं तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. मला त्या 'माधवे' म्हणायच्या. हाक मारताना नावाचं रूप बदलायचं ही त्यांच्याकडची रीत. आपल्यात माधवचं माधवा होतं, तसं. एरवी आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, त्यांचं त्यांच्या वळणाचं, माझं मिरजेच्या.

त्या कंडक्टर होत्या, म्हणजे गायकांचा कॉयर गात असताना समोर उभं राहून हाताने गाणं चालवणाऱ्या. बेलग्रेडला शिकलेल्या, पुढे युरोपात तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या संगीताचा अभ्यास केलेल्या. नवरा जहाजांचा इंजिनियर, त्याच्या नोकरीपायी इथे आल्या. दुसरी एखादी घरात बसून पियानोच्या शिकवण्या करती. यांनी चाळीस माणसांचा कॉयर उभा केला. त्यात शाळामास्तर होते, नर्सेस होत्या, चांगी बिझनेस पार्कमधले बँकवाले होते. सर्बियन मात्र एकही नव्हता. वर्षातले सहा महिने जुनं युरोपी संगीत आणि सहा महिने सर्बियन कॉयरची गाणी, असा त्यांचा शिरस्ता. २०१० नंतरची सात-आठ वर्षं मी त्यांचं काम केलं.

आमची पहिली भेट हार्पसिकॉर्डमुळे झाली. हे वाद्य पियानोचं पूर्वज म्हणा. पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते. यात एक लाकडी चीप वर उचलली जाते आणि तिला लावलेली नखी तार छेडते. सतारीच्या जवळचं प्रकरण. एका शाळेच्या मागच्या इमारतीत त्यांनी तालमीला खोली घेतली होती आणि तिथे हे वाद्य ठेवलं होतं. माझ्याआधी तीन ट्यूनर येऊन गेले होते. सगळं वाद्य अर्धा सूर खाली लावायचं, म्हणजे पांढरी सहा काळी चारवर आणायची, एवढं मला फोनवर सांगितलं होतं. मी तसं लावलं आणि निघायच्या तयारीत होतो. त्या आल्या, उभ्या उभ्या दोन बोटांनी षड्ज आणि गांधार एकदम दाबले आणि तसेच धरून ठेवले.

"हे तुम्हाला चालतं?" त्यांनी विचारलं.

"पियानोवर असंच असतं, मॅडम."

"हा पियानो नाही. तुमच्या कानाला चालतं का, ते विचारतेय."

आता मला मिरज सांगायला हवी. माझे वडील तिथे एका कारखान्यात तंबोरे करायचे. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जुळली आणि घोडीवरच्या दोऱ्याने जवारी नीट लागली की तिच्यातून एक न छेडलेला सूर आपोआप ऐकू येतो. तो गांधार. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तंबोरा पुरा झाला की वडील मला जवळ बसवायचे आणि विचारायचे, "बोलला का?" मी हो म्हटलं तरच तो कारखान्याबाहेर जायचा. पुढे मी मुंबईला पियानोच्या कामाला लागलो तेव्हा कळलं की पियानोत तो गांधार नसतोच. कुठल्याही पट्टीत गाणं वाजवता यावं म्हणून पियानोचा प्रत्येक सूर थोडा थोडा खोटा केलेला असतो आणि गांधार त्यात चांगलाच चढा असतो. आपल्या बाजाच्या पेटीतही तेच. दोन सूर जुळत नाहीत तेव्हा आवाज डोलतो, वाँव-वाँव असा. तो डोल किती ठेवायचा हे मोजणं, यालाच ट्यूनिंग म्हणतात. तीस वर्षं मी तो डोल प्रामाणिकपणे मोजून ठेवत आलो होतो.

"नाही चालत," मी म्हटलं. "माझ्या वडिलांनी हा गांधार घराबाहेर जाऊ दिला नसता."

"मग वडिलांसारखा लावा."

त्यांनी मला समजावलं की जुन्या युरोपात गांधार शुद्धच ठेवत. त्यापायी उरलेला सगळा खोटेपणा एका कोपऱ्यातल्या जोडीत ढकलून देत आणि त्या जोडीला लांडगा म्हणत, कारण ती दाबली की गुरगुरते. गाणं रचणारे तिकडे फिरकतच नसत. मी कोट काढून ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. अडीच तासांनी त्यांनी पुन्हा तीच दोन बोटं ठेवली. आवाज जागच्या जागी उभा राहिला. त्या बाहेर गेल्या आणि दारावरच्या रखवालदाराला हाताला धरून घेऊन आल्या, कारण इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. त्याला शेजारी उभं करून पुन्हा वाजवलं.

"ओके व्हॉट," रखवालदार इथल्या इंग्रजीत म्हणाला, म्हणजे ठीकच आहे की.

"बघा," त्या मला म्हणाल्या, "यालाही कळलं."

सर्बियन गाण्यांच्या वेळी खरं तर माझं काम नसायचं. त्यांच्या चर्चमध्ये कुठलंही वाद्य चालत नाही, नुसता माणसाचा गळा. तरी त्या मला तालमीला बोलवायच्या. शेवटच्या रांगेत बसा आणि कुठे डोललं ते सांगा, एवढंच काम. सुरुवातीची दहा मिनिटं त्या सगळ्यांना एकच सूर धरायला लावत. आधी खर्जवाले, मग त्यावर पंचम, मग हलक्या हाताने गांधार. पियानोला हात लावू देत नसत. "पियानोकडून सूर घेतलात तर त्याचं खोटंही घ्याल," म्हणायच्या. बघता बघता नर्सेस आणि बँकवाले असा सूर देऊ लागायचे की माझ्या अंगावर काटा यायचा. मिरजेच्या कारखान्यात बसल्यासारखं वाटायचं. फरक इतकाच की इथे तारांऐवजी माणसं होती.

माणसं हेरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. खर्जातले सगळ्यात भारदस्त गृहस्थ म्हणजे अंकल गोह. हे टॅक्सी चालवायचे. एकदा बाई त्यांच्या टॅक्सीत बसल्या आणि ते रेडिओबरोबर गुणगुणत होते. बाईंनी उतरायच्या ठिकाणी उतरायचंच नाकारलं. "टीचर, आय ड्राइव्ह ओन्ली लाह. सिंग कॅनॉट," असं ते सिंगापुरी इंग्रजीत सांगत होते. पुढच्या बुधवारी ते तालमीला हजर होते आणि मी निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकही बुधवार चुकवला नाही.

मंजिरीला मात्र मी आणलं. मंजिरी पुण्याची, नवरा-बायको दोघंही बँकेत, बिशानला राहणारी. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिने गायलेलं ऐकलं होतं. दहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकलेली. नोकरी आणि मुलीची शाळा यांत गाणं मागे पडलं होतं. "काका, मला नोटेशन वाचता येत नाही," ती म्हणाली होती. बाईंनी तिला एक ओळ ऐकवली आणि परत गायला सांगितली. तिने गायली. बाईंनी तिला वरच्या आवाजांच्या पहिल्या रांगेत मधोमध उभं केलं. सर्बियन शब्द ती देवनागरीत लिहून घ्यायची. ज्या अक्षरावर बाकीचे महिनाभर अडखळायचे ते ती पहिल्या दिवशी म्हणायची. दोन वर्षं ती त्या कॉयरचा गांधार होती. बाई तसं सगळ्यांसमोर म्हणायच्याही.

मग एका उन्हाळ्यात बाई घरी, सर्बियाला, जाऊन आल्या. विमानात सर्दी झाली, डावा कान भरला. आठवड्याभराने म्हणाल्या, आता मोकळा आहे.

त्यानंतर त्यांना वरचे आवाज चढे वाटू लागले. त्या उभ्या राहत तिथून वरच्या आवाजांची रांग डावीकडे होती. "चढतंय, खाली घ्या," असं त्या बोटाने दाखवत. मंजिरी खाली घ्यायची. मी मागे बसून ऐकत होतो. तिने खाली घेतलं की सूर डोलायला लागायचा, आणि तरी बाईंचं समाधान व्हायचं नाही. खिशातला ट्यूनिंग फोर्क, आपटला की एकच पक्का सूर देणारा नादकाटा, मी हळूच गुडघ्यावर आपटून कानाला लावून पाहिला. मंजिरी पहिल्यांदा जिथे होती तेच बरोबर होतं. एकदा, दोनदा, तीन बुधवार मी हे तपासलं. बाईंनी मागे माझ्याकडे पाहिलं की मी मान हलवायचो. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच ठाऊक नसायचं.

चौथ्या बुधवारी त्यांनी तालीम थांबवली.

"मंजिरी, तुला तुझ्याकडच्या गाण्याची सवय आहे. तुझा कान वेगळ्या जागी बसलाय. सध्या गाऊ नकोस. नुसते ओठ हलव."

चाळीस माणसांनी ते ऐकलं. गाणाऱ्याला याहून मोठा अपमान नाही. मंजिरीने फाइल छातीशी धरली आणि उरलेला तासभर खरोखरच नुसते ओठ हलवले. परत जाताना आम्ही एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, शेजारी उभे होतो.

"काका, तुम्ही तर मागे होता. मी खरंच चढत होते का?"

आणि मी म्हटलं, "होतं कधी कधी असं. दमली असशील."

पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी गप्प का राहिलो, याची कारणं मी तेव्हा स्वतःला पुष्कळ दिली. गुरूंचा नियम. त्यांचं शिक्षण केवढं, माझं केवढं. कदाचित माझंच वय झालं असेल. खरं कारण असं की त्या बुधवारच्या खोलीत मला जो मान होता तो मला दुसरीकडे कुठेच नव्हता. एरवी मी पियानोवाला होतो. गिऱ्हाईक दार उघडायचं आणि म्हणायचं, चपला बाहेर काढा. इथे मागच्या रांगेत माझी स्वतःची खुर्ची होती. ती मला सोडायची नव्हती.

महिनाभराने हार्पसिकॉर्डची पाळी आली. मध्येच जुन्या संगीताचा एक छोटा कार्यक्रम होता. मी नेहमीसारखं वाद्य लावलं. बाई म्हणाल्या, वरचं सप्तक चढलंय, उतरवा. मी उतरवलं. अजून, म्हणाल्या. मी अजून उतरवलं. हातांना कळत होतं की आपण वाद्य बिघडवतोय. संध्याकाळी कार्यक्रमात जुन्या पद्धतीची सारंगीसारखी वाद्यं वाजवणारी जी बाई होती, तिने पहिल्याच गाण्यात दचकून हार्पसिकॉर्डकडे पाहिलं. मध्यंतरात ती माझ्याकडे आली. "माधव, आज काय झालं?"

"हवा," मी म्हटलं. बावीस वर्षांत हवेवर मी पुष्कळ खापरं फोडली असतील. तेवढं एक हवेचं नव्हतं.

त्या आठवड्यात मंजिरी आमच्या घरी येऊन गेली. मी कामावर होतो. घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर तिची फाइल पडलेली. देवनागरीत लिहिलेले सर्बियन शब्द, पेन्सिलच्या खुणा. सुनंदा, माझी बायको, कणीक मळत होती.

"ती म्हणाली, काकांना सांगा बाईंना परत द्यायला. ती आता मंडळातही गाणार नाही म्हणतेय." मग हात थांबवून तिने विचारलं, "अहो, ती खरंच बेसूर गात होती?"

"नाही."

"मग?"

"बाईंच्या कानात काहीतरी झालंय."

"बाईंना ठाऊक आहे?"

"नसावं."

"आणि तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

मी फाइल उघडून पानं चाळू लागलो. सुनंदा चढ्या आवाजात कधी बोलत नाही. त्याही दिवशी बोलली नाही. "पोरीला तुम्ही हाताला धरून नेलं होतं," एवढंच म्हणाली आणि पुन्हा कणीक मळू लागली.

पुढच्या बुधवारी मी दुपारीच तालमीच्या खोलीवर गेलो. बाई एकट्याच खुर्च्या मांडत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, एक गंमत दाखवतो. खाली बसा." असं बोलायची मला सवय नव्हती. त्या बसल्या.

मी फोर्क गुडघ्यावर आपटून त्यांच्या उजव्या कानाशी धरला. "गा."

त्यांनी तो सूर गुणगुणला. बरोबर होता. मी फोर्क पुन्हा आपटला आणि डाव्या कानाशी धरला. "आता गा."

त्यांनी गायला. किंचित वर. त्यांचा आवाज आपोआप थांबला. त्यांनी माझ्या हातातून फोर्क घेतला, स्वतःच आपटला, उजवीकडे धरला, डावीकडे धरला. मग पुन्हा. सात-आठ वेळा तरी केलं असेल. एकाच पोलादाच्या तुकड्याचे त्यांना दोन सूर ऐकू येत होते. मी खिडकीबाहेर पाहत उभा राहिलो, कारण त्यांच्या चेहऱ्याकडे मला पाहवत नव्हतं.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" त्यांनी विचारलं. बायकोचाच प्रश्न.

"मंजिरी जायच्या आधीपासून."

त्यांनी फोर्क माझ्या हातात परत दिला. "मी तुम्हाला मागे कशासाठी बसवत होते, माधवे?"

त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

कानाच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की त्या सर्दीत डाव्या कानाच्या आतल्या भागाला इजा झाली आहे. ऐकू येतं, पण वरचे सूर सरकून येतात. सुधारेल की नाही सांगता येत नाही. कंडक्टर बाईला असं कळणं म्हणजे काय, हे मी काय सांगू. सर्बियन गाण्यांचा मोठा कार्यक्रम पाच आठवड्यांवर आला होता. तो रद्द करतील असं मला वाटलं. त्यांनी दवाखान्यातून मला फोन केला तो मंजिरीचा पत्ता विचारायला.

आम्ही दोघं बिशानला गेलो. दार मंजिरीच्या मुलीने उघडलं. चौदा वर्षांची रेवा, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये. तिने बाईंना ओळखलं आणि दार अर्धंच धरून ठेवलं. "मम्मी नॉट सिंगिंग एनीमोर लाह," ती म्हणाली.

"रेवा, त्यांना आत येऊ दे," आतून मंजिरी म्हणाली.

बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळं सांगितलं. "तू बरोबर होतीस. सगळा वेळ. मी चाळीस माणसांसमोर तुला चूक म्हटलं. त्या चाळीसांसमोरच माझी चूक सांगणार आहे. तू तिथे असावंस असं मला वाटतं, पण तू नसलीस तरी मी सांगणार आहे."

मंजिरी माझ्याकडे वळली. मराठीत म्हणाली, "आणि काका, तुम्हाला माहीत होतं?"

"हो, बाळा."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

तिने आम्हाला चहा दिला. विचार करते, एवढंच म्हणाली. बाईंवरचा तिचा राग त्या चहापाशी निवळलेला मला दिसला. माझ्यावरचा नाही. तो निवळायला वर्ष गेलं, आणि अजून कधी मी तिच्या गाण्याला छान म्हटलं की ती क्षणभर माझ्याकडे निरखून बघते. बघू दे.

त्या बुधवारी ती आली आणि दारापाशी उभी राहिली. बाईंनी सगळ्यांना बसायला सांगितलं, मंजिरी बरोबर होती आणि चूक माझ्या कानाची होती, असं सांगून टाकलं. सर्दीपासून आजपर्यंत मी ज्यांना ज्यांना सुरावरून बोलले, ते सगळं विसरा, म्हणाल्या. डाव्या कानात त्यांनी बोळा घातलेला होता, तो केस बाजूला करून दाखवला. वरच्या आवाजांची रांग उजवीकडे नेली. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला वेळ दाखवीन, श्वास दाखवीन, शब्द दाखवीन. सूर आता तुम्ही एकमेकांत शोधायचा. मंजिरीकडे ऐका. ती गोहकडे ऐकेल."

"टीचर, आय ऑलरेडी ओल्ड, हिअर हाफ ओन्ली," अंकल गोह म्हणाले.

"मग तू आणि मी मिळून एक," बाई म्हणाल्या. पुष्कळ दिवसांनी ती खोली हसली.

मी कामानिमित्त मोठमोठ्या वादकांची वाद्यं लावली आहेत. पण चूक कळल्यावर एका आठवड्यात आपली सगळी पद्धत मोडून नवी बांधणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. पाच आठवडे त्या कॉयरपासून दूर, खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत उभ्या राहून एका कानाने ऐकायला शिकल्या. एसी बंद ठेवायच्या, त्याच्या घरघरीत उजव्या कानाला त्रास व्हायचा म्हणून. सगळे घामाने निथळत गायचे आणि कुणी तक्रार केली नाही. पुढे चार वर्षं त्यांनी हा कॉयर तसाच चालवला. मग नवऱ्याची नोकरी संपली आणि दोघं मायदेशी गेले. तिथे त्या लहान मुलींना गाणं शिकवतात. मंजिरी इथे बुधवार सांभाळते. पण कार्यक्रमाचं सांगायचं राहिलं.

त्या दिवशी सभागृह भरलं होतं. इथले झाडून सगळे सर्बियन आले होते, ते सगळे मिळून पहिल्या दोन रांगांत मावले. मी मागे बसलो. पहिली दोन गाणी उत्तम झाली. तिसरं लांबलचक, हळू चालीचं, प्रार्थनेचं होतं. वाद्याचा आधार नसला की अशा गाण्यात खर्ज नकळत बसत जातो. दुसऱ्या कडव्यात तो बसू लागला. अंकल गोह आणि त्यांचे साथीदार तसूतसूने खाली येत होते. मी फोर्क कानाला लावला. मंजिरीला कळलं, हे मला तिच्या मानेवरून दिसलं. तिच्यासारखा कान असला की अशा वेळी माणूस आपल्या जागी ठाम राहतो, आणि तो एकटा बरोबर ठरतो आणि बाकी सगळं गाणं चूक होतं. आदल्या तीन महिन्यांत तिच्यावर जे गुदरलं होतं त्यानंतर तर तिने हटू नये असंच कुणीही म्हटलं असतं. तिने एक श्वास घेतला आणि खर्जाबरोबर खाली आली. नेमकी तेवढीच. तिच्यामागून वरची सगळी रांग आली. शेवटचा सूर त्यांनी धरला तेव्हा तो ज्या जागी असायला हवा होता तिथे नव्हता, पण त्यात डोल औषधालाही नव्हता. पुढच्या रांगेतले एक म्हातारे सर्बियन गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे राहिले, आणि मग सगळेच उभे राहिले.

कार्यक्रमानंतर बाई मला सभागृहामागच्या व्हरांड्यात भेटल्या. केस घामाने चिकटले होते, कानातला बोळा काढून त्यांनी मुठीत धरला होता.

"सांगा, माधवे."

माझ्या तोंडात छान झालं हे शब्द आले होते. मी ते गिळले. "तिसऱ्या गाण्यात सगळं खाली आलं, मॅडम. दुसऱ्या कडव्यापासून."

"किती?"

"जवळजवळ पाव सूर."

"सगळे एकत्र?"

"एकत्र. मंजिरीला कळलं होतं. ती मुद्दाम त्यांच्याबरोबर आली."

त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीला पाठ टेकली. मला वाटलं, या वेळी मी घाई केली. त्या म्हणाल्या, "पाव सूर. मलाही तेवढंच ऐकू आलं." उजव्या कानाला त्यांनी बोट लावलं आणि ते तिथेच ठेवलं.

मग त्या सरळ झाल्या आणि गोहला हाक मारत कपडे बदलायच्या खोलीकडे निघाल्या.